छातीतली पातळी

पातळी: बेंबीच्या चार बोटं वर. स्थिर.

"ज्याच्या ताटलीत आज सूप उरेल, त्यानं लग्नाच्या हंड्याला हात लावायचा नाही," असं गाश्पार बोलून बसला, आणि तेही विहीणबाई दारात उभ्या असताना.

विहीणबाई म्हणजे पिरोश्का. सेगेदहून आल्या होत्या, मुलाच्या गाडीतून, मांडीवर स्वतःचं पातेलं टॉवेलात गुंडाळून. "ठरलं," त्या म्हणाल्या आणि बूट काढू लागल्या.

प्रश्न लग्नाच्या सुपाचा होता. गाश्पारच्या गावी, बॉयॉत, माशाचं सूप पातळ आणि लालभडक असतं, त्यात शेवया असतात. सेगेदमध्ये मासे गाळणीतून घोटून दाट करतात आणि पावाबरोबर खातात. बॉयॉवाल्यांना ते सूप म्हणजे लापशी वाटते. सेगेदवाल्यांना हे सूप म्हणजे शेवया धुतलेलं पाणी. मुलीचं, एमेशेचं, लग्न सप्टेंबरात होतं आणि गाश्पारला तिच्या लग्नाचं सूप वडिलांच्या लोखंडी हंड्यात, स्वतःच्या हातानं शिजवायचं होतं. त्याच्या लग्नात वडिलांनी असंच शिजवलं होतं. त्याला बाकी काही नको होतं.

अडचण एवढीच होती की हिवाळ्यापासून त्याची छाती जळत होती.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर मुळीच नाही. तो एकदा खोकला, तर मार्गितनं त्याचा पाईप उचलून पुतण्याला देऊन टाकला होता. जळजळ कळली असती, तर हंड्यात जिरेनियमचं फुलझाड लावलं गेलं असतं.

पातळी: बरगड्यांच्या सांध्यापाशी. वाढती.

(गाश्पारनं सगळी नोकरी डॅन्यूबचं पाणी मोजण्यात घालवली. घाटावरची पट्टी वाचायची आणि वर कळवायचं. निवृत्त झाल्यावर पट्टी आत गेली, एवढंच.)

पहिली ताटली त्याच्या सुपाची होती.

"चांगलंय," पिरोश्का म्हणाल्या. "शेवया घालायचं कुणाला सुचलं?"

"नदीकाठच्या माणसांना."

"आमच्याकडेही नदी आहे."

"ती तिसा. तिला आम्ही ओढा म्हणतो."

हिरव्या तिखट मिरचीच्या चकत्यांची बशी फिरली. पिरोश्कांनी दोन घेतल्या. गाश्पारनं तीन घेतल्या. घेतल्याक्षणी त्याला कळलं की ही तिसरी घ्यायला नको होती.

त्याच्या मांडीवरचा रुमाल खाली पडला. तो हलला नाही. वाकलं की खालचं सगळं वर येतं, हे तो चांगलं शिकला होता. कित्येक महिन्यांत त्यानं बुटाची नाडीसुद्धा बांधली नव्हती. बूट तसेच घासत पायात घालायचा.

"रुमाल पडला तुमचा, व्याहीबुवा."

"पडू दे. घर त्या बाजूला खचतंय. सगळं तिकडेच जातं."

"खचतंय?"

"नदीकडे. रात्री मी उशीवर झोपतो आणि सकाळी पायथ्याच्या फळीला जाऊन लागतो. ईस्टरपासून रोज."

"बाबा, इंजिनिअर येऊन गेले ना," एमेशे म्हणाली. "घर सरळ आहे म्हणाले."

"तो इंजिनिअर तिसाकाठचा होता."

"पाव घे," मार्गित म्हणाली आणि टोपली पुढे सरकवली.

पातळी: गळ्याखाली. वेगानं वाढती.

दुसरी ताटली सेगेदच्या सुपाची. दाट. चमचा त्यात उभा राहील असं. गाश्पार खात होता आणि समोर बघत होता. पिरोश्कांचा चमचाही हळू चालला होता. मग तो थांबला.

"पॅप्रिका कमी पडली यात," त्या म्हणाल्या. "कोठीच्या खोलीत असेल ना? तुम्ही बसा, मी आणते."

त्या गेल्या. त्यांची ताटली अर्धी भरलेली होती.

गाश्पारनं ती ताटली बघितली. स्वतःची बघितली. आणखी पाच चमचे खाल्ले की हंडा त्याचा. त्यानं एक खाल्ला. दुसरा...

इथे त्याला थांबावं लागलं. सकाळी चोरून घेतलेला सोडा आता बोलू लागला होता. ढेकर घशाशी येऊन उभी राहिली. होणारा जावई बेन्से समोर बसून आदरानं बघत होता. गाश्पारनं ओठ मिटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती गिळली.

"बाबांना गहिवरून आलं," एमेशे बेन्सेला हळूच म्हणाली.

कोठीत, जॅमच्या बरण्यांमागे, त्यानं पहाटे एक बाटली लपवली होती. कच्चा बटाटा किसून, फडक्यातून पिळलेला रस, जळजळीवरचा उतारा. तोच आता वाचवणार होता.

"वाइन आणतो," तो म्हणाला आणि ताठ उठला.

पातळी: धोक्याची.

"हे काय आहे ते मला माहीत आहे," पिरोश्का म्हणाल्या. त्या जॅमच्या बरण्यांपाशी उभ्या होत्या. बाटली रिकामी होती आणि त्यांच्या वरच्या ओठावर काळपट रेघ होती.

"तो माझा होता."

"होता. पण शिळा. पिळला की लगेच प्यायचा असतो, काळा पडेपर्यंत ठेवायचा नसतो."

"तुम्हाला पण?"

"नवरा गेल्यापासून. तुम्हाला कधीपासून?"

"मला काही नाही."

"व्याहीबुवा."

"हिवाळ्यापासून."

पिरोश्कांनी पर्समधून बदाम काढून त्याच्या तळहातावर ठेवले. "हे सावकाश चावा. पट्टा सैल करा, मी बघत नाही. जेवल्यावर काय करता?"

"आडवा होतो."

"तेच ते. मी मुद्दाम उभ्यानं कपडे वाळत घालते, नसले तर धुतलेलेच परत धुते. रात्री कमी खाते. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्यात. डोकं वर राहिलं की आतलं आम्ल खाली राहतं. एवढंच की रात्रभरात आपणही जरा खाली सरकतो."

गाश्पारचं चावणं थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. पण बदाम त्याच्या गालातच राहिला.

बाहेरून एमेशेचं हसणं ऐकू आलं.

"लग्नात कोंबडीचं सूप करू," पिरोश्का म्हणाल्या. "स्वच्छ, पिवळं, बिनतिखट. कुणाच्याच गावचं नाही."

"हंडा माझा."

"हंडा तुमचा. मीठ मी घालणार."

पातळी: उतरती.

ते परत आले तेव्हा टेबल स्वच्छ होतं. मार्गितनं दोन्ही ताटल्या उचलून धुऊन टाकल्या होत्या. कुणाच्या ताटलीत किती उरलं होतं, ते कुणी विचारलं नाही. गाश्पारनं कोंबडीच्या सुपाची घोषणा केली, विहीणबाईंच्या मानासाठी म्हणून. पिरोश्कांनी तीच पुन्हा केली, व्याह्यांच्या मानासाठी म्हणून. एमेशेनं बेन्सेकडे बघून मोठा श्वास सोडला.

मग गाश्पार एकटाच झोपायच्या खोलीत गेला. पलंगाचा खांब धरून तो हळूहळू, एकेक हाड मोजत वाकला. ईस्टरपासून पहिल्यांदाच.

डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा होत्या. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून प्रत्येक विटेला लोकरीचा मोजा घातला होता. हेच मोजे तो ईस्टरपासून शोधत होता.

दारात मार्गित उभी होती, हातात कॅमोमाइलच्या चहाचा कप घेऊन.

"हंडा घासून ठेवलाय," ती म्हणाली. "आणि वाकू नकोस. आत्ताच जेवलायस."