मुसळ फिरवणारा रामाण्णा

रामाण्णा रोज सकाळी आमचं मुसळ फिरवून आणायचा. लोक म्हैस पाण्यावर नेतात, हा मुसळ न्यायचा. उजव्या खांद्यावर टाकून निपाणीतल्या आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस खेपा. तोवर आमची चटणी कांडायची थांबायची.

तो तंबाखूच्या वखारीत हमाल होता. मानेत गाठ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी ती कर्करोगाची म्हणून कापून काढली. माणूस वाचला, पण उजवा खांदा गळून खाली आला. तो रोज हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुसळाचं काही सांगितलं नव्हतं. ते याचं डोकं.

"आण्णा, मुसळ दमलं असंल, त्याला पाणी पाजा," आई म्हणायची.

"दमू दे. खांदा जागा करतोय." एवढं एकच वाक्य. दुसरं मी कधी ऐकलं नव्हतं. मान वाकडी, गळ्यावर दोरखंडासारखा वण. आम्ही पोरं त्याला भ्यायचो.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. गल्लीतली दारं लागली. मढी उचलायला माणसं मिळेनात. आणि रामाण्णाच्या वीस खेपांच्या चाळीस झाल्या. आईचं डोकं फिरलं. लोक मरायला लागलेत आणि याला कसरत सुचते, म्हणून तिनं मुसळ आत टाकलं आणि दाराला कडी घातली. दोन दिवस तो दारात उभा राहून परत गेला.

तिसऱ्या दिवशी माझे वडील गेले. काका आणि दोन शेजारी, एवढेच तिघे आले. चौथा खांदा मिळेना. दुपार टळली तेव्हा न बोलावता रामाण्णा आला.

"तुमास्नी झेपायचं न्हाय, आण्णा," आई म्हणाली.

"वैनी, माझी बायकू गेली तवा मी मिरजंला पडलोतो. परक्यांनी नेली तिला. माझा खांदा लागला न्हाय."

एवढं बोलून तो वाकला आणि उजवा खांदा तिरडीखाली घातला. मसणवाटेपर्यंत त्यानं तो बदलला नाही, असं काका नंतर सांगत.

दुसऱ्या सकाळी आईनं मुसळ धुऊन दाराबाहेर उभं करून ठेवलं. तो आला, घेऊन गेला. वीस खेपा झाल्या, चाळीस झाल्या, तरी फिरतच होता. कुणी थांबवलं नाही. घरात सुतक होतं. कांडायचं काही नव्हतं.