काळोजी अस्वलाची लाकडी जमीन

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांच्या पायाखाली मातीच होती. वाघाच्या पायाखाली माती आणि सशाच्या पायाखालीही मातीच. त्यामुळे जमिनीविषयी कोणाला काही बोलायलाच नव्हते. तुम्हीही आता नीट मांडी घालून बसा. पाय घासू नका, मला त्या आवाजाने शिरशिरी येते.

त्या जंगलात काळोजी नावाचे एक अस्वल राहत असे. केशरबाई ही त्याची बायको. त्यांना बऱ्याच उशिरा एक मुलगी झाली. काळी कुळकुळीत होती, म्हणून तिचे नाव करवंदी ठेवले.

अस्वलाचे पिल्लू आधी आईच्या पाठीवर बसून जग बघते. मग एक दिवस ते घसरत खाली येते, एक पाऊल टाकते, पडते, उठते आणि पुन्हा पाऊल टाकते. अस्वलांच्या घरी यापेक्षा मोठा सण नसतो. केशरबाई त्या दिवसाची वाट बघत होती.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पोर आता खाली उतरेल. गुहेतली ही गार माती तिच्या तळव्यांना सोसायची नाही."

"मग काय करू म्हणतेस?"

"लाकडी जमीन करून घ्या."

काळोजीने लगेच मनावर घेतले. त्याने आंब्याच्या फळ्या आणल्या आणि एकीला एक भिडवून बसवल्या. गुहेत गुळगुळीत लाकडी जमीन झाली. पोरीसाठी झाली, एवढे तुम्ही लक्षात ठेवा. त्या घरात ते फार दिवस कोणाच्या लक्षात राहिले नाही.

जमीन बघायला सगळे जंगल लोटले. रानडुकराने वाकून फळ्यांचा वास घेतला. साळिंदराची बायको म्हणाली की आमच्याकडेही हेच करायचे चालले आहे, फक्त ह्यांना वेळ होत नाही. काळोजीची छाती फुगली.

"नुसतं वरवर बघू नका," तो म्हणाला. "लाकूड काय जातीचं आहे ते बघा." आणि त्याने पंजा उचलून मधल्या फळीवर जोरात नख ओढले. "झालं का काही?"

झाले होते. वीतभर लांबीचा पांढरा ओरखडा झाला होता.

पाहुणे समजूतदार होते. त्यांनी ओरखड्याकडे बघितले, मग गुहेच्या छताकडे बघितले आणि घरी कामे आहेत असे सांगून ते निघाले. केशरबाई खाली वाकली आणि ओरखड्यावरून बोट फिरवत राहिली. तुमच्या गुडघ्याला खरचटते तेव्हा तुमची आई फिरवते ना, तसेच.

करवंदी तिच्या पाठीवरून उतरायला बघत होती. केशरबाईने मागे हात नेऊन तिला वर ढकलले.

"थांब गं. आधी एवढं नीट होऊ दे."

आता टिटवीबाईंची ओळख करून देतो. टिटवी माळावर उघड्या खडीत अंडी घालते. घरटे म्हणून ती कधी दोन काड्या गोळा करत नाही. त्यामुळे घर कसे ठेवावे याविषयी बोलायला तिच्याकडे भरपूर वेळ असतो. या टिटवीबाई रोज सकाळी एका दगडावर उभ्या राहून 'घरच्या घरी' नावाचा कार्यक्रम करत. अर्धे जंगल हातातले काम टाकून तो ऐकत असे.

केशरबाईने त्यांना गाठले.

"ओरखडा ना? मुळीच घाबरायचं नाही," टिटवीबाई म्हणाल्या. "घरच्या घरी जातो. मेण घ्या, त्यात लाकडाचा भुसा आणि चिमूटभर काथ कालवा. ओरखड्यात दाबून भरा. सुकलं की खरवतीच्या पानानं घासा."

खरवतीचे पान तुम्ही पाहिले नसेल. ते इतके खरखरीत असते की त्याने लाकूड घासून गुळगुळीत करता येते.

मेणासाठी काळोजीने घरातले मधाचे पोळे पिळले. ते करवंदीच्या उष्टावणासाठी राखून ठेवले होते, पण मध काय, पुन्हा मिळतो. त्याने ओरखडा भरला, पानाने घासला आणि दोघे लांब उभे राहून बघू लागले. ओरखडा गेला होता. त्याच्या जागी चकचकीत पट्टा आला होता आणि त्या पट्ट्यापुढे बाकीची जमीन कळकट दिसत होती.

"आता सगळीच घासावी लागणार," केशरबाई म्हणाली.

काळोजी घासायला बसला. इथे एक गोष्ट समजून घ्या. वाघाला नखे आत ओढून घेता येतात. अस्वलाला येत नाहीत. काळोजी पुढच्या पंजांनी घासत मागे मागे सरके, तेव्हा त्याचे मागचे पंजे नवे ओरखडे काढत जात. तो ते बुजवायला वळे, तेव्हा आणखी निघत. बिचारा इतका घासत होता की जमीन रोज थोडी पातळ होत होती आणि ओरखडे होते तेवढेच राहत होते.

पुन्हा टिटवीबाईंना विचारले. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "दोष जमिनीत नाही. तुमच्या पायांत आहे. नखं काढून टाका."

काळोजीला हे एकदम पटले. आपल्या आयुष्यात काहीतरी चुकते आहे असे त्याला बरेच दिवस वाटत होतेच. नवराबायकोने ओढ्याकाठच्या खडकावर नखे घासली, पार बोटांच्या टोकापर्यंत. मग ते गुहेत चालून बघू लागले. आवाज नाही, ओरखडा नाही. केशरबाईच्या डोळ्यांत पाणी आले, इतके ते सुंदर होते.

आता राहिली करवंदी.

"तिचीही घासू या का?" काळोजीने विचारले.

"एवढ्याशा जिवाची? नको हो. लागेल तिला. त्यापेक्षा राहू दे माझ्या पाठीवर."

"बाहेर तरी सोड अंगणात."

"आणि पायांना लागलेली वाळू घेऊन आत येईल त्याचं काय? वाळूनंच सगळ्यात जास्त ओरखडे पडतात. टिटवीबाई म्हणाल्यात."

म्हणून करवंदी आतही उतरली नाही आणि बाहेरही उतरली नाही.

नखे नसलेल्या अस्वलाचे काय होते, हे कोणी विचारले नव्हते. आपल्याला जसा वरणभात, तशी अस्वलाला वाळवी. ते नखांनी वारूळ फोडते, तोंड आत घालते आणि सुर्र करून ओढून घेते. काळोजीच्या भुकेमुळे गुहेच्या आसपास वाळवीला कधी डोके वर काढता आले नव्हते. आता तो वारुळावर थापा मारायचा आणि वारूळ तसेच उभे राहायचे. मग तो खाली पडलेली टेंभुर्णी वेचून खायचा आणि केशरबाईला सांगायचा की हलका आहार बरा असतो.

काही दिवसांनी करवंदीचा मामा आला. दगडूमामा डोंगरापलीकडे राहत असे. स्वभावाने तिखट, पण भाचीवर जीव. भाचीसाठी त्याने चांदीचे वाळे आणले होते.

"कुठंय आमची करवंदी? आण इकडं. वाळे घालतो आन् चालवतो जरा अंगणात."

"वाळे भिंतीला अडकवून ठेव दादा," केशरबाई म्हणाली. "फळ्यांना घासतील."

मामाने बहिणीकडे नीट बघितले. तिला पोक आले होते. चालताना ती एका बाजूला कलत होती. पाठीवरची करवंदी चांगली जड झाली होती आणि तिचे पाय पोटाखाली लोंबत होते, काटकुळे.

"हिच्या वयाची पोरं झाडावर चढायला लागली, केशर."

"चढेल की. पॉलिशचा शेवटचा हात देतोय. तेवढा सुकला की सोडतेच तिला."

"आन् तुझी पाठ गेली, तर ही जगायची कशी? हिला धड उभं राहता येत नाही. तू हिला पायच फुटू दिले नाहीस."

केशरबाईने मागे हात नेऊन पोरीचे पाय चाचपले. ती रडवेली झाली. मला वाटते, त्या क्षणी ती करवंदीला खाली ठेवणारच होती. तेवढ्यात काळोजी आतून ओरडला, "जरा उजेडातून बाजूला व्हा, चमक दिसत नाहीये." ती बाजूला झाली आणि तो क्षण गेला. मामाने वाळे उंबऱ्यावर ठेवले आणि तो न जेवता निघून गेला.

शेवटचा हात सुकेपर्यंत दोघांनी बाहेर आंब्याखाली मुक्काम हलवला. हात सुकला. पण सुकल्यावर जमीन अशी काही दिसू लागली की तिच्यावर पाय ठेवायला कोणाचे मन होईना. ते बाहेरच, मातीवर राहू लागले. करवंदी मात्र पाठीवरच राहिली, वाळू उंबऱ्यापर्यंत जायला नको म्हणून.

एक दिवस काळोजी उंबऱ्यावर आडवा पडून जमीन न्याहाळत होता. त्याच्या कानावर काहीतरी आले. कुरकुर, कुरकुर. त्याच्या तोंडाला पाणी सुटले. आपली जीभ कशाला चळते आहे हे कळायला त्याला वेळ लागला.

"अगं, खाली वाळवी लागलीय."

"मग काढा ना."

"फळ्या उचकटाव्या लागतील. माझ्या बोटांना काय आहे आता? आणि उचकटताना कडा खरचटतील."

केशरबाई विचारात पडली. "वरून काही दिसतंय का?"

"वरून काही नाही. आरशासारखी आहे."

"मग राहू दे."

आणि राहू दिले.

पुढे जंगलात बातमी पसरली की काळोजीच्या घरी एकही ओरखडा नसलेली जमीन आहे. पुन्हा सगळे लोटले. या वेळी आत कोणाला सोडले नाही. सगळे दाराबाहेर दाटीवाटीने उभे राहून बघत होते. दगडूमामाही मागे उभा होता. टिटवीबाई पुढे होत्या. त्यांनी सर्वांना मेण, भुसा आणि काथ यांचे प्रमाण पुन्हा समजावून सांगितले.

केशरबाई उंबऱ्यावर पुढे झाली आणि कोपऱ्यातली एक वाळकी काडी उचलायला वाकली. तिची पाठ त्याच वेळी गेली. ती गुडघ्यांवर बसली आणि करवंदी तिच्या पाठीवरून घसरत लाकडी जमिनीवर आली.

करवंदीने इकडेतिकडे बघितले. मग आपले काटकुळे पाय सावरले. लटपटत उभी राहिली. तिने एक पाऊल टाकले. फळीवर नखांचा टक असा आवाज झाला. तिला तो आवडला असावा, कारण तिने दुसरे टाकले.

"चालली," मामा म्हणाला. "केशर, बघ, पोरगी चालली."

केशरबाईने मान वर केली. आणि मुलांनो, तिने त्या वेळी जमिनीकडे बघितले नाही, हे मी तिच्या बाजूने सांगतो. तिने पोरीकडेच बघितले. ती हसलीही.

करवंदी जमिनीच्या मधोमध आली आणि पापड मोडावा तशी जमीन मोडली. वर पॉलिशचा पातळ थर होता, त्याच्या खाली फक्त वाळवी होती. करवंदी आत गेली. मग इकडची फळी बसली, तिकडची बसली, आणि बघता बघता सगळी जमीन खड्ड्यात जमा झाली.

धूळ खाली बसेपर्यंत कोणी हलले नाही. मग खड्ड्यातून आवाज आला. सुर्र, सुर्र. करवंदी वाळवीत कंबरभर उभी होती. ती नखांनी उकरत होती आणि खात होती. तिला कोणी शिकवले नव्हते. ती कधीच इतकी खूश दिसली नव्हती. दगडूमामाने तोंड फिरवून डोळे पुसले.

काळोजी खड्ड्यात उतरला. तो मुलीजवळून पुढे गेला आणि त्याने फळीचा एक तुकडा उचलला. उजेडात धरून उलटसुलट केला.

"बघा," तो सगळ्यांना म्हणाला. "अजूनसुद्धा एक ओरखडा नाही."

सगळ्यांनी तो तुकडा हातोहात बघितला. खरेच नव्हता.

"इतके दिवस टिकलेली जमीन," साळिंदराची बायको हळहळली. "आणि पोरीनं दोन पावलांत घालवली."

"नखं होती ना तिला," रानडुक्कर म्हणाले.

टिटवीबाई म्हणाल्या की हे मी सांगणारच होते, पण कोणी विचारले नाही. सगळ्यांचे एकमत झाले. दगडूमामा काहीतरी बोलला, पण तो डोंगरापलीकडचा असल्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

केशरबाई बसल्या जागेवरून पोरीकडे बघत होती. ती बराच वेळ बघत होती. पण सगळे जंगल एक सांगत असताना एकट्या आईला काय कळते? मान खाली घालून तीही हो म्हणाली.

करवंदीला खड्ड्यातून वर काढले. तिचे तोंड पुसले, पाय पुसले. काळोजी आंब्याच्या नव्या फळ्या घेऊन आला. मागच्यासारखी चूक पुन्हा नको, म्हणून त्या बसवायच्या आधी त्याने करवंदीला कडेवर घेतले, ओढ्याकाठच्या खडकावर नेले आणि तिची नखे एक एक करून, लागणार नाही अशा बेताने, घासून काढली.

तात्पर्य : घर मुलांसाठीच बांधावे, पण मुले त्यात सोडू नयेत. जमिनीला पडलेला चरा सगळ्या गावाला दिसतो. मुलांना पडलेला वरून दिसत नाही, आणि वरून दिसत नसेल तर राहू द्यावा.