पाखरीच्या पोटाची भानगड

यात्रा तोंडावर आली आणि महाळुंगे पडवळच्या चिमाजीचा माणसांवरचा विश्वास उडाला. यात्रेतल्या शर्यतीत बैलगाड्यापुढे पळणारी त्याची पाखरी घोडी दोन वर्षं घाट, म्हणजे शर्यतीची चढण, गाजवत होती. शेजारच्या रखमाजीचीही घोडी होती, पण पाखरीपुढे तिला कोणी विचारत नसे. आणि हा रखमाजी हल्ली गोठ्याच्या आसपास घुटमळत होता.

"घोडीला कायतरी चारणार त्यो," चिमाजी बायकोला म्हणाला.

"बिडी वढत हुबा आसतो बिचारा," बयाबाई म्हणाली.

"तेच म्हंतो मी. सवताच्या दारात का वढत न्हाई?"

त्याने पाखरीला आतल्या खोलीत कोंडलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. हिरवा घास बाहेरून येई, म्हणून तो बंद. नुसता घरचा कोरडा कडबा. पाणी स्वतःच्या हाताने, आठवेल तेव्हा. फिरवणं तर नाहीच. रस्त्यात कोण काय टाकून ठेवेल, नेम नाही.

यात्रेच्या आदल्या सकाळी पाखरी जमीन उकरू लागली. मान वळवून कुशीकडे बघे, खाली बसे, लोळे, पुन्हा उठे.

"घातलं इख," म्हणत चिमाजीने कुलूप हिसकून बघितलं.

"कुलपातनं?" बयाबाईने विचारलं.

"दुसरी किल्ली केली आसंल."

मंचरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकलं, हातमोजा चढवून मागून तपासलं, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं.

"पोटशूळ आहे. आत लीद अडकलीये. विषबिष काही नाही. हिला कोंडून नुसतं कोरडं कोण चारत होतं?"

चिमाजी छपराकडे बघू लागला.

"लीद टाकेपर्यंत हळूहळू फिरवा. लोळू देऊ नका. आणि उद्या पळवायचं नाव काढू नका."

चिमाजी एकटाच तिला ओढत होता आणि पाखरी जागोजाग बसायला बघत होती. दुपारी रखमाजी आला आणि दुसऱ्या बाजूने दावं धरून चालू लागला. चिमाजीची नजर त्याच्या खिशावर.

"गोठ्यापाशी काय करत व्हता, रखमाजीभाऊ?"

रखमाजीने खाली बसू बघणाऱ्या पाखरीला पुढे ओढलं. "माजी घोडी लंगडतीया. यात्रेपुरती पाखरी मागायची व्हती. त्वांड व्हईना."

"कशानं लंगडती?"

"खुरात पू झालाय. नालबंद तुमच्या वळखीचा, म्हून त्याला फिरकू दिलं न्हाई. नाल मीच ठोकली, खिळा आत गेला." त्याने दावं दुसऱ्या हातात घेतलं. "आदी मला तुमचाच संशय व्हता."

हे ऐकून चिमाजीला बरं वाटलं. का, ते त्यालाही कळेना.

तेवढ्यात, भर वेशीत, पाखरीने शेपूट उचललं. घरात नातू झाल्यासारखा चिमाजी त्या लिदीकडे बघत राहिला. रखमाजीने डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी घाट गाजवला तो बोरी बुद्रुकच्या चांगदेवाच्या घोडीने. हे दोघे कडेच्या दगडावर शेंगा खात बसले होते.

"घोडी चांगली हाये," रखमाजी म्हणाला.

"हाये." चिमाजीने शेंग फोडली. "पर चांगदेव मागं आपल्या गावात कशापायी आलता?"

"पोरीला स्थळ बघाया आलो, म्हंला."

"त्याला तर दोनी ल्योकच हायेत."

दोघे एकमेकांकडे जरा सरकले.