शशीमावशींची बोटं

आमच्या शेजारच्या शशीमावशी माणसाला भेटत नाहीत, त्याच्या कपड्याला भेटतात. कुणी समोर आलं की त्याची बाही चिमटीत धरायची, चोळायची आणि निकाल द्यायचा. ताईच्या लग्नात नवरदेवाची शेरवानी चोळून भर मांडवात म्हणाल्या, "अगं बाई! हा तर पेट्रोलवर चालतोय!" पॉलिस्टर खनिज तेलातून निघतं, हे मग मी वऱ्हाडाला समजावत बसले. वैताग नुसता!

तरुणपणी मावशी लालबागच्या एका गिरणीत साड्यांची डिझाइनं काढायच्या. गिरणी बंद पडली, तेव्हा कॉलेजात शिकवायला लागल्या. पोरं लॅपटॉपवर फुलं दाखवायची. मावशींचा एकच प्रश्न, "छापणार कशावर?"

"मॅम, ते अजून ठरलं नाही."

"मग काय हवेत उगवणार? आधी कापड हातात घे रे. मलमलीवरचं फूल खादीवर मरतं."

शेवटी कॉलेजाने हातमाग काढून तिथे कॉम्प्युटर मांडले आणि मावशींना नारळ दिला. घरात दुसरं कुणी नाही. तेव्हापासून काळाचौकीतल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट हाच त्यांचा वर्ग, आणि आम्ही सगळे कायमचे नापास.

परवा मात्र लिफ्टमध्ये माझी बाही चोळून म्हणाल्या, "वा! अस्सल सुती."

आयुष्यात पहिल्यांदा पास! घरी येऊन कौतुकाने लेबल बघितलं, तर शुद्ध पॉलिस्टर. मी हसत सुटले, आणि मग एकदम थांबले. मावशी कापडात चुकणं शक्यच नव्हतं.

तशीच त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. मावशी पलंगावर जुन्या कापडांचे तुकडे पसरून एकेक गालाला लावून बघत होत्या. मला बघून ओशाळल्या.

"बोटं मेली गं माझी. डॉक्टर म्हणतो, साखरेने बधिर झाली, आता परत यायची नाहीत. गालाला अजून थोडं कळतं." हातातला तुकडा खाली ठेवत म्हणाल्या, "मघाशी अंदाजाने बोलले. चुकलं ना?"

"छे हो, सुतीच आहे."

"इकडे ये बघू."

मी शेजारी बसले. त्यांनी माझ्या खांद्यावर गाल टेकला.

"पॉलिस्टर," त्या पुटपुटल्या. "खोटारडी कुठली!"

आता चांगली बोलणी खाणार, असं मला वाटलं. पण मावशींनी डोकं उचललंच नाही.

"असू दे गं," म्हणाल्या. "आत कुणीतरी आहे. जरा वेळ बस."