अकरा नंबरची चढण

ऑरिन हॅल्व्हर्सनने नियम स्वतः लिहिले होते: जाग येताच, पांघरुणातच, कापसाचा पहिला बोळा चघळायचा, अर्ध्या तासाने दुसरा, पाऊण तासाने तिसरा. लाळेतलं ताणाचं संप्रेरक सकाळी कसं चढतं, त्यावरून मेंदूतल्या घड्याळाची तब्येत कळते. अभ्यासात भाग घेतलेल्या, कॅनडातल्या सॅस्काटूनच्या म्हाताऱ्यांना तो फोनवर खडसवायचा, "दहा मिनिटं उशीर, आजी? नमुना बाद!"

प्रयोगशाळेतल्यांनीही नमुने द्यायचं ठरलं, आणि हाच ऑरिन बोळे विसरला. आठवण झाली सव्वाआठला, संस्थेच्या पार्किंगमध्ये. गाडीतच तिन्ही चघळले. मधली अंतरं मात्र इमानदारीने पाळली. वेळा लिहिल्या सहाच्या. पहिला बोळा तोंडात असतानाच तीन गाड्या सोडून निळा पिकअप दिसला होता. आत बॉस, बर्नाडेट कोवालचुक. थेट त्याच्याकडेच बघत होती! गाल फुगलेला ऑरिन स्टिअरिंगखाली सरकला.

मंगळवारी बैठकीत पडद्यावर आलेख आले. नावं नाहीत, फक्त नंबर.

"हा अकरा नंबर!" बर्नाडेट म्हणाली. "काय चढण आहे! अनुदानाच्या अर्जाच्या पहिल्या पानावर हाच. पाचला अर्ज जाणार."

"आणि हा चौदा?" प्रयोगशाळेतला लॉर्न खिदळला. "सपाट माळरान! बिचाऱ्याचं घड्याळ बंदच पडलंय."

सगळे हसले. बर्नाडेट कागद आवरू लागली. ऑरिनने डोनट न खाता परत ठेवला.

साडेचारला त्याने तिचं दार ठोठावलं.

"अकरा नंबर मी आहे. बोळे पार्किंगमध्ये चघळले. वेळा खोट्या लिहिल्या."

"मग ही चढण कुठून आली?"

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात ना. जीव नुसता टांगणीला लागला होता."

बर्नाडेटचे कान लाल झाले. "अरे, माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. तू दिसलाही नाहीस. तोंडात बोळा होता माझ्या."

"म्हणजे चौदा नंबर..."

"मीच."

"पण तो तर सपाट!"

"मी कोणाला घाबरणार? बॉस मीच."

बर्नाडेटने अर्ज पुढे ओढला. मग तिने दोन्ही आलेख काढून टाकले. पहिलं पान ओकंबोकं झालं.

"त्या उशीर झालेल्या आजींनी खरी वेळ लिहिली होती ना?"

"मिसेस वायबे. मीच बाद केलं त्यांना."

"लाव फोन. त्यांचा आलेख घेऊ का, विचार."

ऑरिनने फोन लावला. "आजी, मी ऑरिन..."

"आता काय चुकलं माझं?" पलीकडून धास्तावलेला आवाज आला.

"तुमचं काही नाही, आजी. चुकलं माझं," ऑरिन म्हणाला.