थोरली, धाकटी आणि शंकरअण्णा

डिसेंबर १९९६, रविवार सकाळ. बंगलोरचं जयनगर, शंकरअण्णांची शेड. हजर: शेजारचे शंकरअण्णा, त्यांच्या दोन जुन्या गाड्या, होसकोट्याहून आलेलं गिऱ्हाईक आणि व्यवहार बघायला बोलावलेली मी. हजेरीत गाड्या धरल्या नाहीत तर अण्णांना राग येतो.

गाडीबद्दल वाईट बोलायचं तर अण्णा तिच्यासमोर बोलत नाहीत. 'थोरली पेट्रोल फार पिते' एवढंच सांगायला मला फाटकापर्यंत नेतात. तिथंही, "स्वल्प हळू, अक्का. ऐकेल की ती!"

थोरली महायुद्धाआधीची इंग्लिश. लांब नाक, डोळे वटारल्यासारखे दिवे, आत सगळं लाकूडकाम. धाकटी साठ सालानंतरची जर्मन. क्रीम रंगाची, बुटकी, चपळ. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दोघींची तुलना करावीच लागे. अण्णा दोन्ही बॉनेटवर काठोकाठ कॉफीचे पेले ठेवून इंजिनं चालू करत. थोरलीवरची कॉफी ढिम्म, धाकटीवरची सांडलेली.

"वय लहान आहे तिचं, अंगात मस्ती आहे. बरोबरी!" असा निकाल लागे. कायम हाच.

यंदा घरच्या वाटण्या झाल्या आणि अर्धी शेड पुतण्याकडे गेली. आता एकच गाडी राहणार होती. गिऱ्हाईक कुठलीही न्यायला तयार. नजर थोरलीवर, पण मिळेल धाकटीच अशी त्याची अटकळ.

मी फाटकाशी जाऊन मुद्दे मांडले. थोरली वडिलांची, दुर्मीळ, तिचा भाव वाढतच जाणार. धाकटीचा पत्रा गंजलाय, सुटे भाग मिळत नाहीत. धाकटी द्यावी.

"सरी, बरं," म्हणत अण्णा शेडमध्ये गेले आणि थोरलीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली.

"अहो अण्णा! वडिलांची गाडी ती!"

"तुमचं एक कलम राहिलं, अक्का." त्यांनी थोरलीचं दार उघडलं. पुढच्या आणि मागच्या बैठकीमध्ये जाड काच होती. "वडिलांचा नियम, घरची बाई मागं बसायची. चालवायचो मी. बायकोला, सरोजाला, काही बोलायचं असलं तर तिनं ही काच वाजवायची. मग धाकटी आली आणि ती पहिल्यांदा माझ्या शेजारी बसली. होसकोट्यापर्यंत तोंड बंद नाही."

"काय बोलत होत्या एवढं?"

"माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होती!"

सरोजाबाईंना जाऊन काही वर्षं झाली आहेत.

थोरली गल्लीच्या वळणाआड गेली, तरी अण्णा फाटकात उभेच होते. मग म्हणाले, "चला, भाजी मार्केटपर्यंत सोडतो."

धाकटीत मी पुढं बसले. गुडघे समोरच्या कप्प्याला टेकले. सरोजाबाई ठेंगण्या होत्या, सीट अजून त्यांच्याच मापाची. ती मागे सरकवायला मी खालचा दांडा चाचपला.

अण्णांनी गाडी सुरू केली नाही. नुसते समोर बघत राहिले.

मी हात वर घेतला. "चला अण्णा, बसले मी नीट."

सीट मागे सरकवायची राहिली आहे.