हापसा एक शे

भडगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर हातपंप आहे. वस्ती त्याला हापसा म्हणते. तो दर दोन महिन्यांनी बिघडतो आणि तालुक्याचा मेकॅनिक दर चार महिन्यांनी येतो. मधल्या काळात वस्तीतल्या मुलींच्या डोक्यावर हंडे असतात आणि शाळेच्या हजेरीपटावर फुल्या.

वस्तीतल्याच प्रमिलाबाईंनी एकदा मेकॅनिक काय करतो ते नीट पाहून ठेवलं आणि पुढच्या वेळी हापसा स्वतःच उघडला. वायसर बदललं, साखळीला तेल दिलं. पाणी आलं तेव्हा हँडल मारता मारता त्या गुणगुणल्या:

हापसा हालस, पानी गानं गास,
मन्हा हंडामा आभाय उतरी येस.

मग त्यांच्या मनात आलं, आजूबाजूच्या वस्त्यांतल्या सहा बायांना हे शिकवलं तर? नुसती कल्पना होती. पण जळगावात कल्पनेलाही फेलोशिप मिळते, असं कोणीतरी सांगितलं.

फेलोशिपचं नाव ‘बदलदूत’. मुलाखत घेणारे हितेंद्र सर नुकतेच पुण्याहून आले होते. त्यांनी प्रमिलाबाईंना खुर्ची दिली, चहा दिला आणि लॅपटॉप उघडला.

“वस्तीत हापसे किती, मॅडम?”

“एक शे.”

सरांची बोटं थबकली. “एवढ्याशा वस्तीत एकशे?”

“हा, एक शे. आते तं बठ्ठा खराब शे.”

खानदेशात ‘शे’ म्हणजे ‘आहे’, हे सरांच्या प्रशिक्षणात नव्हतं. त्यांनी टाइप केलं: हापसे, शंभर. सर्व नादुरुस्त.

एवढी भव्य समस्या आजवर एकाही अर्जात आली नव्हती. निवड एकमताने झाली.

पहिले तीन दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये नेतृत्वविकास झाला. प्रमिलाबाईंनी तक्त्यावर स्वप्नांचं झाड काढलं, डोळे मिटून आतल्या नदीशी बोलल्या आणि फेलोशिपने दिलेली पान्यांची पेटी घेऊन घरी आल्या. आल्यापासून तिसऱ्या दिवशी हापसा सुरू. त्यांनी कळवलं: काम झालं, आता सहा बायांना शिकवते.

उत्तर आलं: प्रगती एक टक्का. समाधानकारक नाही.

त्यांनी फोन लावला. “हितेंद्रभाऊ, हापसा एकच शे.”

“एकशेच. तेच म्हणतोय मी.”

“एकशे नही हो भाऊ! एक. शे.”

“मॅडम, आपण दोघं एकच आकडा बोलतोय.”

चौथ्या फोनला सरांना उलगडा झाला. ते भले गृहस्थ होते, मनापासून खजील झाले. पण पायाभूत माहिती आता लॉक झाली होती. “एकदा लॉक झालं की दुरुस्ती वास्तवात करायची असते, कागदात नाही,” ते हळुवारपणे म्हणाले. “आणि शंभर पुरे झाले नाहीत तर पेटी परत द्यावी लागेल. सहा बायांचा वर्गही रद्द.”

“मंग नव्याण्णव हापसा मी काय पेरू का वावरमा?”

सरांनी वरच्यांना विचारून वाट काढली. हापसे शंभर हवेत असं नियमात कुठेच नव्हतं. दुरुस्त्या शंभर हव्या होत्या. मात्र प्रत्येक दुरुस्तीआधी बिघाडाचा फोटो अनिवार्य.

वर्ग वाचवायचा म्हणून प्रमिलाबाई रोज सकाळी हापसा मोडू लागल्या आणि संध्याकाळी जोडू लागल्या. लवकरच दिवसाला दोनदा. फोटो वेगळे दिसावेत म्हणून कधी निंबाकडून, कधी उकिरड्याकडून, कधी पुढे म्हैस बांधून.

रिकामा हंडा उपडा घालून त्यावर बसलेल्या शेजारच्या सुनंदाबाई म्हणायच्या, “व माय, रोज पोट फाडस तू त्यानं! बिचाराले दवाखानामा तरी ने!”

“विकास चालू शे, अक्का. जरा सरका, फोटोमा तुम्ही येतस.”

“मी तं पन्नास वरीसपाशी आठे, याच जागावर शे. आतेच कशी आडी येस?”

चाळिसाव्या दुरुस्तीला बोल्ट घासले. सत्तराव्याला आटे गेले. त्र्याण्णवाव्याला हापशाने एक लांब सुस्कारा सोडला आणि तो गप्प झाला. पुढच्या सात दुरुस्त्यांना बिघाडाचे अगदी अस्सल फोटो मिळाले. दुरुस्तीनंतरचे पहिल्या आठवड्यातले लावले.

प्रगती शंभर टक्के. धुळ्यात सत्कार ठरला. प्रमिलाबाईंना शाल मिळाली आणि माइक मिळाला.

“भाऊ, बहिणी,” त्या म्हणाल्या, “आमना हापसा मरी गया.”

सूत्रसंचालिका भूमिका मॅडम तत्परतेने पुढे आल्या. “किती अर्थपूर्ण! हापसा संपला आणि स्त्री उभी राहिली!” टाळ्या थांबेनात. सहा बायांचा वर्ग मंजूर झाला. सराव करायला चालू हापसा जिने तिने स्वतः आणावा, अशी अट आहे.

यंदा निवड समितीवर एक जागा रिकामी आहे. पात्रता फारशी नाही. शंभरही दुरुस्त्यांची हकिगत रस घेऊन ऐकावी, योग्य जागी हसावं आणि एवढे दिवस वस्ती पाणी कुठून आणत होती, हे विचारू नये. तुम्ही इथवर आलात आणि विचारलं नाहीत. अभिनंदन. नेमणुकीचं पत्र निघालं आहे.